घरच्या माणसाचा नंबर

मार्च उजाडला की गुढियारीतल्या लांजेवारांच्या दुकानासमोरची अर्धी गल्ली कूलरांनी अडते. गंजलेले, जाळ्या फाटलेले, तळाशी वर्षभराचा गाळ बसलेले कूलर रिक्षातून, टेंपोतून येऊन पडतात आणि जाळ्यांत भरायच्या नव्या खशीचा, म्हणजे वाळ्याचा, वास पार रेल्वेच्या मालधक्क्यापर्यंत जातो. दुकान नीलकंठ लांजेवारांचं. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आले, इथेच निवृत्त झाले, इथेच वारले. मुलाला रेल्वेने काही घेतलं नाही, म्हणून त्याने कूलर दुरुस्तीचं काम धरलं आणि पुढे एसीही बसवू लागला. कष्टाळू माणूस. दारू नाही, जुगार नाही, मराठी मंडळाच्या गणपतीत मंडपाचे पंखे फुकट लावून देणारा. अशा माणसाच्या हातून काय वाईट होणार, असं वाचकाला वाटेल. पण आपल्याकडची बरीचशी वाईट कामं अशाच भल्या माणसांच्या हातून होतात, आणि म्हणूनच ती थांबता थांबत नाहीत.

दुकानाचा फोन नीलकंठच्या बायकोकडे असे. विनोदिनी पुढच्या खोलीत खिडकीशी बसायची. एका हाताने भाजी निवडायची, दुसऱ्याने फोन कानाला लावायची. गिऱ्हाईक बाई असली की एक प्रश्न ठरलेला.

"हव दीदी, बंडू भैया आ जाएंगे. भैयाजी का नंबर दीजिए. नहीं नहीं, आपका तो आ गया. घर के आदमी का दीजिए."

हा नियम नीलकंठचा. फार पूर्वी एका बाईने कूलरची मोटर बदलून घेतली आणि संध्याकाळी तिचा नवरा दुकानात येऊन 'किससे पूछके' म्हणून भर गल्लीत ओरडून गेला. तेव्हापासून नीलकंठने बाईच्या शब्दावर काम करणं सोडलं. बाईने बोलवावं, पण काम पक्कं करायचं ते साहेबांना विचारून, आणि काम झालं की संध्याकाळी साहेबांनाच फोन करायचा, "बराबर झालं ना?" म्हणून. या शेवटच्या फोनचा त्याला फार अभिमान. मोठ्या कंपन्या असं विचारतात का, म्हणायचा.

अर्ध्या शहराची घरं त्या फोनमध्ये होती. कोणाच्या दारात कुत्रा आहे, कोणाची किल्ली शेजारी असते, कोणत्या घरी दुपारची म्हातारी एकटीच असते, सगळं. फक्त बायकांची नावं नव्हती. 'साहू साहेब मिसेस', 'तिवारीजी की बहू', 'गोमासे मिसेस'. सगळी कामं 'लांजेवार टीम' नावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडत, पत्त्यासकट, आणि काम झाल्याचा फोटोही तिथेच. काम सोडून दुसरीकडे गेलेले मेकॅनिकही त्या ग्रुपात तसेच होते. त्यांना काढायचं कधी कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी सकाळी विनोदिनी लाल भाजी निवडत बसली होती. सासूबाई, कलावतीबाई, समोर खुर्चीत बसून सून देठांबरोबर पानंही टाकते की काय यावर लक्ष ठेवून होत्या. अनोळखी नंबर वाजला.

"विनोदिनीताई? मी राधिका. चौबे कॉलोनीतली."

"अवो वैनी!" विनोदिनीच्या हातातली जुडी खाली पडली. "किती दिवसानं! कुठी गायब झाल्या होत्या तुमी? गोमासे साहेब तं मंडळात दिसते, पण तुमी नाही."



राधिका गोमासे नवा रायपूरच्या एका सरकारी संस्थेत हिशेब तपासणीचं काम करायची. दिवाळीनंतर ती मुलीला घेऊन घरातून निघाली होती. नवरा, शेखर गोमासे, मंडळाचा कार्यकर्ता, स्टेजवर माइक धरून उत्तम बोलणारा, दिसायला राजबिंडा. घरात तो हात उगारायचा. चौबे कॉलोनीत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या घरातून आवाज येऊ लागला की शेजारी आपल्या टीव्हीचा आवाज वाढवत. ज्या दिवशी त्याने मुलीला, इरावतीला, भिंतीवर ढकललं, त्या दिवशी राधिकाने पिशवी भरली. जुना नंबर बंद केला. तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि ऑफिसातल्या दोन मैत्रिणींशिवाय कोणाला पत्ता दिला नाही.

"ताई, एक एसी बसवून हवा होता," राधिका म्हणाली. "इरा फार घामेजते हो. बंडूभाऊंनाच पाठवा. तुमची माणसं ओळखीची आहेत म्हणून तुम्हाला फोन केला. अनोळखी माणूस घरात घ्यायची मला भीती वाटते. आणि ताई, हा पत्ता कोणाला सांगू नका. कोणालाच."

"हव वैनी. मी काहून सांगन?"

विनोदिनी हे मनापासून बोलली. त्या घडीला कोणी येऊन विचारलं असतं तर तिने खरंच सांगितलं नसतं. पण फोन ठेवल्यावर रोजच्या सवयीने तिचा अंगठा चालला आणि ग्रुपवर पडलं: 'गोमासे साहेब, नया फ्लॅट, तेलीबांधा', खाली इमारतीचं नाव, मजला, फ्लॅटचा नंबर. आपण कोणाला काही सांगितलं असं तिला वाटलंच नाही. ग्रुप म्हणजे तिच्या लेखी दुकानच, आणि दुकान म्हणजे घर.

बंडू त्यांचा जुना मेकॅनिक. त्याने दुपारी एसी बसवला, इरावतीला रिमोट कसा दाबायचा ते शिकवलं, आणि नियमाप्रमाणे फोटो काढला. भिंतीवर नवा पांढरा एसी, खाली पुढचा दात पडलेली पोरगी, हसते आहे. फोटो ग्रुपवर गेला.

संध्याकाळी नीलकंठ हातपाय धुऊन ओट्यावर बसला आणि दिवसभराच्या साहेबांना फोन लावू लागला.

"नमस्कार गोमासे साहेब, नीलकंठ बोलून राहिलो. नव्या फ्लॅटचा एसी लावून देल्ला. थंडा करते ना बराबर?"

शेखर गोमासे हुशार माणूस. गेले कित्येक महिने तो बायकोचा ठावठिकाणा शोधत होता; तिच्या ऑफिसच्या गेटवर जाऊन उभा राहिला होता, तिच्या माहेरी अमरावतीला शिव्या घालून आला होता. आता तो पत्ता आपल्या पायांनी चालत त्याच्या कानाशी आला. त्याने आवाजात तसूभर फरक पडू दिला नाही.

"एकदम बढिया, नीलकंठराव. तुमचं काम म्हणजे बघायलाच नको. अरे, तेवढा तो पत्ता पाठवून द्या ना मला. कुरियरवाल्याला द्यायचाय, आणि मला तो फ्लॅटचा नंबर काही केल्या ध्यानात राहत नाही."

नीलकंठने पत्ता पाठवला. शिवाय नकाशावरचं ठिकाण पाठवलं. शिवाय, साहेब खूश होतील म्हणून, पोरीचा फोटोही.

रात्रीचं जेवण वाढता वाढता विनोदिनीला हे कळलं, ते नीलकंठ मोठ्या फुशारकीने सांगत होता म्हणून. तिच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला.

"अवो, वैनीनं सांगतलं होतं, कोणाले सांगू नोका म्हणून."

"कोणाले म्हंजे परक्याले," नीलकंठ म्हणाला. "नवरा काय परका आहे?"

"पण त्या वेगळ्या राहून राहिल्या असन तं?"

"मंग तं चांगलंच झालं. त्यायच्या घरचं त्याले माहीत असाले पायजे का नाही?"

"तू मधात नोको पडू माय," कलावतीबाई ताटावरून म्हणाल्या. "नवरा-बायकोचं आहे. आज भांडतीन, उद्या एक होतीन. वाईट आपण होऊ."

जेवणं आटोपल्यावर विनोदिनीने फोन हातात घेतला. राधिकाचा नवा नंबर काढला. एक वाक्य सांगायचं होतं, त्यांना पत्ता कळला आहे, सावध राहा. तेवढं एक वाक्य. तिने फोन ओट्यावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती स्वतः सुजलेला ओठ घेऊन गोंदियाला भावांकडे गेली होती. भावांनी जेवू घातलं आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं. 'होईल ठीक' म्हणाले. पुढे नीलकंठचा हात थांबला, वय झालं म्हणून असेल किंवा मुलं मोठी झाली म्हणून असेल, आणि सगळे म्हणू लागले, बघ, झालं ना ठीक? ठीक झालं म्हणजे काय झालं, हे तिला कोणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिने फोन चार्जिंगला लावला आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्याच दिवशी शेखर गोमासे पेढ्यांचा डबा घेऊन दुकानात आला. मंडळाचा एवढा मोठा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, खशीच्या गठ्ठ्यांमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसला आणि बसल्या बसल्या रडला. खरंच रडला. रडणं त्याला जमत असे.

"मला माझी पोरगी पाहू देत नाही ती, नीलकंठराव. तिच्या ऑफिसातल्या बायांनी तिच्या डोक्यात काय भरवलंय देव जाणे. मी एकदा समोर बसून बोललो तर सगळं निस्तरेल. पण मला पाहिलं की दारच उघडणार नाही ती. तुम्ही बरोबर असलात तर उघडेल. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

नीलकंठचं मन भरून आलं. मोडलेला संसार जोडून देण्याचा मान आपल्या समाजात फार मोठा. तो आजवर वकिलांना, मास्तरांना, मंडळाच्या अध्यक्षांना मिळत आला होता. कूलरवाल्याला कोणी असं बोलावलं नव्हतं. त्या मोडलेल्या संसारात एक बाई जीव मुठीत धरून जगत असेल, हे त्याला सुचलं नाही. सुचावं अशी सवय आपण आपल्या पुरुषांना लावलेली नाही.

"तुमी चिंता करू नोका साहेब," तो म्हणाला. "विनोदिनी, फोन लाव त्याइले. म्हण, बंडूनं पाइप ढिला ठेवला, पाणी गळन, मालक सोता येऊन पाहून जाते."

"मी नाही लावत," विनोदिनी हळूच म्हणाली.

"काहून?"

परक्या माणसासमोर नवऱ्याला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. कलावतीबाई आतून दारात येऊन म्हणाल्या, "लाव ना माय, पुण्याचं काम आहे." शेखरने डोळे पुसले आणि हात जोडले. तिघं तिच्याकडे पाहत होती. तिने फोन लावला. आणि मनाशी म्हणाली, बसतील, बोलतील, रडतील, होईल काहीतरी ठीक.

"बरं झालं सांगितलंत," पलीकडून राधिका म्हणाली. "रविवारी या, मी घरीच आहे. ताई, तुमचा आवाज असा का येतोय? बरं नाही का तुम्हाला?"

"नाही वैनी, बरी आहो," विनोदिनी म्हणाली.

रविवारी सकाळी नीलकंठ हातात पान्या-पक्कडीची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडला. शेखर भिंतीला लागून मागे उभा राहिला. घंटी वाजली. दाराच्या भिंगाला डोळा लागल्याचं नीलकंठला जाणवलं आणि तो उगाच हसला. आतून पोरीचा आवाज आला, "मम्मा, एसी वाले अंकल हैं!" साखळी निघाली, कडी निघाली, दार उघडलं. राधिका "या भाऊ" म्हणाली आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं. शेखरने नीलकंठला खांद्याने बाजूला सारलं आणि तो आत शिरला.

"साहेब, आरामानं, बसून..." नीलकंठ म्हणाला.

"तुमचं काम झालं. आता आमचं घरचं आहे," शेखर म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

नीलकंठ बाहेर उभा राहिला. आत काहीतरी पडलं. पोरगी किंचाळली, "पापा नहीं, पापा नहीं." मग राधिकाचा आवाज आला, आणि तसा आवाज नीलकंठने आपल्या घरात ऐकला होता. त्याने एकदा घंटी दाबली. कोणी उघडलं नाही. दुसऱ्यांदा दाबायला बोट वर गेलं आणि तिथूनच खाली आलं. लिफ्टची वाट न पाहता तो जिना उतरला. गेटवर चौकीदाराने वर पाहत विचारलं, "क्या हो गया?"

"मियां-बीबी का मामला है," नीलकंठ म्हणाला. चौकीदाराने मान डोलावली. दोघांनाही ते पुरेसं वाटलं.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईला मात्र पुरेसं वाटलं नाही. तिने पोलिसांना फोन केला. पोलीस आले तोवर शेखर पोरीला घेऊन निघून गेला होता. राधिकाचं मनगट मोडलं होतं, कानातून रक्त येत होतं, आणि जमिनीवर बसून ती एकच विचारत होती, माझी मुलगी कुठे आहे.

इरावती चौबे कॉलोनीत शेखरच्या आईजवळ होती. मुलगी परत मिळावी म्हणून राधिका हाताला प्लास्टर असतानाच कोर्टात गेली. शेखरने कोर्टाला लिहून दिलं की पत्नीनेच एसीवाल्याकरवी आपल्याला पत्ता पाठवला, भेटायला बोलावलं. थोडी बाचाबाची झाली, एसीचं पाणी सांडलं होतं त्यावर तिचा पाय घसरला. बाईचं डोकं ठिकाणावर नाही, मुलगी तिच्याजवळ सुरक्षित नाही. आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं. पत्ता कोणी दिला, आणि दार कोणी उघडवलं? नवरा सांगतो तसं असेल तर मुलगी गेली.

शेखर वकिलाला घेऊन पुन्हा दुकानात आला. या वेळी पेढे नव्हते.

"भाभीजी, आपको बस इतना बोलना है," वकील विनोदिनीला समजावू लागला, "कि मैडम ने खुद फोन पे कहा था, साहब को पता भेज दो, उनको साथ ले आना. फोन आपके ही नंबर से गया है, आवाज आपकी है. आप बोलेंगी तो बात खतम."

नीलकंठ मान हलवत होता. त्याने आपलं म्हणणं लिहून देऊन टाकलं होतं. दुकानाचं नाव कोर्टात घोळलं तर उन्हाळ्याच्या तोंडाशी कोण गिऱ्हाईक दारात उभं राहील, एवढंच त्याला दिसत होतं.

"पोरगी कशी आहे?" विनोदिनीने शेखरला विचारलं.

"मजेत आहे."

"बोलते?"

"जरा गुमसुम असते. होईल ठीक."

विनोदिनी उठून उभी राहिली. इतकी वर्षं तिच्या आत जे दबून होतं ते त्या दोन शब्दांनी उसळून वर आलं. तिला संताप आला, भावांचा, नवऱ्याचा, या माणसाचा, आणि सगळ्यांहून जास्त स्वतःचा.

"मी असं नाही बोलणार," ती म्हणाली.

"काय म्हणून राहिली तू?" नीलकंठ चमकला.

"तिनं मले सांगतलं होतं, कोणाले सांगू नोका. आन म्या सांगतलं. पाइप गळते म्हणून खोटं मीच बोलली. तेच मी कोर्टात सांगन."

"पागल झाली काय? दुकान बसन आपलं! आन काय बिघडलं, नवऱ्यालेच तं सांगतलं. तो काय परका..."

"परका असता तं बरं झालं असतं!" विनोदिनीचा आवाज गल्लीत गेला. कूलर घेऊन आलेला एक रिक्षावाला थबकून पाहू लागला. "परक्याले कोणी एवढं भेत नाही. ती नंबर बदलून, घर बदलून कोणापासून लपली होती? परक्यापासून? तिचा पत्ता तिचा होता. तुमी कोण देणारे? मी कोण?"

"घर मोडाचं आहे काय तुले?" आतून कलावतीबाई ओरडल्या. "कोनाची कोन ती बाई!"

"माझी गिऱ्हाईक आहे, आई," विनोदिनी म्हणाली. "माह्या भरवशावर दार उघडलं तिनं."

कोर्टात ती तसंच बोलली. मोडक्यातोडक्या हिंदीत, पदराचं टोक बोटांत पिळत, पण स्वतःला सोडलं नाही. वकिलाने विचारलं, तुम्ही खोटं बोललात हे कबूल करता? ती म्हणाली, हो, तेव्हा बोलली, आज नाही. नवऱ्याविरुद्ध का बोलता, असंही त्याने विचारलं. ती म्हणाली, ज्या बाईला फसवलं तिच्या बाजूने बोलते आहे. नीलकंठ मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. पुढे मुलगी राधिकाकडे आली आणि शेखरला त्या दोघींच्या जवळपास फिरकायची बंदी झाली.

मग गोड शेवट झाला असं वाचकाला वाटत असेल तर ते चूक आहे. मंडळाच्या बायकांनी विनोदिनीला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. नवऱ्याला भर कोर्टात उघडं पाडणारी बाई कोणाला दारात नको होती. शेखर गोमासे यंदाही गणपतीत माइक धरून बोलला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलकंठने विनोदिनीला हात लावला नाही, पण तिच्याशी बोलणं सोडलं आणि दुकानाचा फोन तिच्या हातातून काढून घेतला. तो आजही बाईने काम सांगितलं की घरच्या माणसाचा नंबर मागतो. विनोदिनीने बंडूला पोरीचा तो फोटो पुसायला लावला. त्याने बिचाऱ्याने आपल्या फोनमधून पुसला. पण काम सोडून गेलेल्यांच्या फोनमध्ये तो आहे, शेखरच्या फोनमध्ये आहे, आणि आणखी कुठे कुठे गेला असेल ते कोण सांगणार? वाचकहो, तुमच्या घरीही गॅसवाला येतो, पाण्याचा फिल्टरवाला येतो, तुमची बहीण, तुमची मुलगी त्याला आपला नंबर देते, पत्ता देते, कधी घरात कोणी नसतं तेही सांगते. उद्या तिच्या मागावर असलेल्या माणसाने 'मी घरचाच आहे' म्हणून विचारलं, तर तो काय उत्तर देईल असं तुम्हाला वाटतं? आणि तो माणूस तुम्हालाच विचारत आला, तर तुम्ही काय सांगाल?

तो फ्लॅट राधिकाला सोडावाच लागला. कोर्टाची बंदी कागदावर; शेखरच्या ध्यानातून इमारत, मजला, दार काढून टाकायला कोणतं कोर्ट आहे? ती सामान हलवते आहे असं बंडूकडून कळलं तेव्हा विनोदिनी कोणाला न सांगता ऑटो करून तेलीबांध्याला गेली.

इमारतीखाली टेंपो उभा होता. गाद्या, टेबल, भिंतीवरून उतरवलेला एसी. राधिका एका हाताने दोरी ओढत होती. दुसरा हात अजून नीट वळत नव्हता. इरावतीने विनोदिनीला पाहिलं आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली. ओळखीची माणसं पाहिली की ती आता अशीच करायची. विनोदिनीला वाटलं, कोणीतरी आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

तिने दोरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून भांड्यांचं बोचकं बांधलं, खुर्च्या एकात एक घातल्या, आरसा चादरीत गुंडाळला. सगळं वर चढल्यावर विनोदिनीने पदराने तोंड पुसलं. तिला भरून आलं होतं. या बाईला वाटेत ऊन लागेल, नव्या जागी पाणी असेल का, पोरीची शाळा कशी, असं काय काय मनात आलं आणि त्या मायेच्या भरात ती बोलून गेली,

"मंग आता कुठी चालल्या, ताई?"

राधिकाचा हात दोरीवर थांबला. टेंपोवाला उत्तर द्यायला तोंड उघडत होता. तिने हात वर करून त्याला गप्प केलं.

"विनोदिनीताई, माझी मुलगी आज माझ्याजवळ आहे ती तुमच्यामुळे," ती म्हणाली. "हे मी जन्मभर विसरणार नाही. पण ते नका विचारू. तुम्हालाही नाही सांगणार मी."

विनोदिनीचा चेहरा पडला. तोंडातून निघालेला प्रश्न परत घेता येत नव्हता. तिने मान हलवली, पुन्हा हलवली.

"हव," ती म्हणाली. "बराबर आहे. नोका सांगू."

टेंपोवाला गाडीत चढला. राधिका मुलीला घेऊन पुढे बसली. गाडी सुरू व्हायच्या आधीच विनोदिनीने पाठ फिरवली आणि तलावाच्या दिशेने चालू लागली. मागे इंजिनाचा आवाज झाला, हॉर्न वाजला. तिने वळून पाहिलं नाही. टेंपो कोणत्या रस्त्याला लागला, हे तिला माहीत व्हायला नको होतं.